जामखेडची पाठशाळा आणि तिची मंडळे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या शेजाराला जामखेड तालुका आहे. ज्यांच्या नावाने आज जिल्हा ओळखला जातो त्या अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात. मराठे आणि निजाम यांची १७९५ ची लढाई झाली ते खर्डाही इथलेच. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, आणि शेतातून काही हाती लागले नाही की ऊसतोडीला जायचे, हा इथला जुना शिरस्ता. अशा तालुक्यात १९७० साली सुरू झालेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प पुढे जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांचे शिकण्याचे ठिकाण झाला. गावोगावचे लोक या प्रकल्पाच्या दवाखान्याला आजही साधेपणाने 'आरोळे हॉस्पिटल' म्हणतात.

या संस्थेचा इतिहास बहुतेक वेळा डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ते योग्यच आहे. पण संस्था उभी राहिली ती गावागावांत निघालेल्या मंडळांवर. तरुण शेतकऱ्यांचे मंडळ, महिला मंडळ, आरोग्य कार्यकर्तींचा आठवड्याचा वर्ग, किशोरींचे गट, आणि मागाहून देशोदेशीहून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांचे गट. या लेखात संस्थेचा इतिहास या मंडळांच्या अंगाने मांडला आहे.

वडाळा, बाल्टिमोर आणि परत

रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ सालचा. आईवडील दोघेही शिक्षक, आणि बालपण नगर जिल्ह्यातच गेले. मेबल यांचा जन्म १९३५ चा, घर जबलपूरचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघे एकत्र शिकले. १९६० साली त्यांचे लग्न झाले. गावातल्या गरिबांसाठीच काम करायचे हे त्यांनी तेव्हाच ठरवले होते. पुढची काही वर्षे नेवासे तालुक्यातल्या वडाळा येथील मिशन रुग्णालयात गेली. तिथे पेशंटची रीघ असे. पण बरे होऊन घरी गेलेले मूल काही महिन्यांनी त्याच जुलाबाने, त्याच अशक्तपणाने पुन्हा दारात यायचे. बहुतेक दुखणी मुळात टाळता येण्यासारखी आहेत आणि ती दवाखान्याच्या भिंतीआड टळणार नाहीत, हे दोघांना इथे उमजले.

१९६६ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. क्लीव्हलँडला पुढचे वैद्यकीय प्रशिक्षण झाले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातून १९७० साली त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. १९१६ साली स्थापन झालेले हे विद्यालय आपल्या प्रकारच्या जगातल्या पहिल्या संस्थांपैकी एक. सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातली 'डेल्टा ओमेगा' ही मानाची संस्था १९२४ साली याच विद्यालयातल्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केली आणि पुढे तिच्या शाखा इतर विद्यापीठांतही निघाल्या. वर्गाबाहेर विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन संघटना काढणे तिथे नवे नव्हते.

तिथे आरोळ्यांना गुरू भेटले ते डॉ. कार्ल टेलर. मसुरीजवळ जन्मलेले टेलर मिशनरी घराण्यातले होते. पंजाबात नारंगवाल इथे त्यांनी गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचा मोठा अभ्यास उभा केला होता. आपल्या भागात परत जाऊन काय करायचे याचा आराखडा आरोळ्यांनी बाल्टिमोरमध्येच तयार केला. तो घेऊन १९७० साली ते जामखेडला आले.

पहिले मंडळ: व्हॉलीबॉलच्या जाळ्याभोवती

जामखेडमध्ये काम सुरू झाले ते वापरात नसलेल्या एका जनावरांच्या दवाखान्यात. गावच्या पुढाऱ्यांनीच ती जागा दिली. सुरुवातीला आठ गावे घेतली होती. आराखड्यात असे होते की शिकलेल्या नर्स गावात राहतील आणि तिथूनच काम करतील. प्रत्यक्षात तसे जमले नाही. शहरगावातून आलेल्या तरुण मुलींना एकट्याने खेड्यात राहणे अवघड गेले, आणि गावातल्या बायकाही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलेनात. योजनेचा हा भाग बदलावा लागणार हे उघड होते. पण कसा बदलायचा हे गावाकडूनच कळणार होते.

गावातल्या पुरुषांना एकत्र आणायला आरोळ्यांनी सभा बोलावली नाही. संध्याकाळी मोकळ्या जागेत व्हॉलीबॉलचे जाळे बांधले. आधी पोरे आली, मग तरणे शेतकरी आले. एका बाजूला सहा गडी लागतात, आणि संघ पुरा करायचा म्हटले की कोण कुठल्या आळीतला हे पाहत बसून चालत नाही. खेळ संपला की घाम पुसत सगळे एकाच ठिकाणी बसायचे आणि गप्पा पाण्यावर, पिकावर, जनावरांवर यायच्या. या बैठकांतून तरुण शेतकरी मंडळे निघाली.

या मंडळांना संस्थेने पहिले काम दिले ते सर्वेक्षणाचे. कोणाच्या घरी किती मुले, किती दगावली, पाणी कुठून आणतात, हे मंडळाच्या पोरांनीच घरोघर जाऊन विचारले. आपल्याच गावातल्या दलित वस्तीत पिण्याच्या पाण्याची काय अवस्था आहे, हे अनेकांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. प्रकल्पाच्या नोंदीनुसार १९७१ साली या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळे वर्ष पुरे होण्याआधीच जात होती. हा आकडा गावातल्या तरुणांनी स्वतः गोळा केलेला होता, म्हणून तो गावालाच टोचला.

तेवढ्यात १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या. मंडळांनी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, विहिरी खणल्या, बांधबंदिस्तीची कामे केली. कूपनलिका घ्यायच्या तेव्हा आरोळ्यांनी एक गोष्ट आग्रहाने केली. हातपंप दलित वस्तीतच बसतील असे पाहिले. मग सवर्ण घरच्या बायकांना हंडा घेऊन त्याच पंपावर यावे लागले. पाण्याच्या रांगेत जे घडले ते कुठल्याही भाषणाने घडले नसते.

सहकारी साखर कारखान्यांचा आणि सोसायट्यांचा हा जिल्हा. लोणीला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हापासून 'संस्था काढणे' हे नगरकरांच्या अंगवळणी पडलेले आहे. जामखेडच्या मंडळांनी हीच सवय आरोग्याच्या कामाला लावली.

अक्षर न येणाऱ्या विद्यार्थिनी

नर्सची योजना अडली, तेव्हा गावातल्याच बाईला शिकवावे हा विचार पुढे आला. मंडळांनी आणि ग्रामस्थांनी प्रत्येक गावातून एक बाई निवडली. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित, कित्येक विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या. शिक्षण ही अट नव्हती. लोकांचा तिच्यावर विश्वास आहे का आणि दुसऱ्याच्या दुःखाला ती धावून जाते का, एवढेच पाहिले जाई.

या आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एकदा जामखेडला येत आणि मुक्कामाला राहत. वर्गाची सुरुवात डॉक्टरांच्या व्याख्यानाने होत नसे. आधी प्रत्येकीने आपल्या गावचे सांगायचे: कोण बाळंत झाली, कोणाचे मूल तापले, कोण दगावले. मग 'का?' हा प्रश्न. एका गावात बाळ धनुर्वाताने गेले असेल तर नाळ कशाने कापली, विळ्याने की पात्याने, ते पाते उकळले होते का, नाळेवर काय लावले, सगळे उलगडून बोलायचे. बाळाला पहिला चीक न पाजता फेकून देणे, जुलाब लागले की पाणी तोडणे, गरोदर बाईने पोटभर खाल्ले तर मूल मोठे होऊन अडते म्हणून तिला उपाशी ठेवणे, गोवर म्हणजे देवीचा कोप समजून औषध टाळणे, या समजुती त्यांच्या घरातल्याच होत्या. म्हणून त्या मोडायच्या कशा हेही त्यांनाच सुचायचे. मीठ, साखर आणि उकळून गार केलेले पाणी यांचे प्रमाण त्या गाण्यात बसवत. टाळू खचलेल्या बाळाकडे बघून 'पाणी कमी झालंय' हे ओळखायला त्या शिकल्या.

गावी परतताना त्यांच्या पेटीत थोडी औषधे, डोळ्यांचे मलम, जंताची गोळी आणि बाळंतपणाचे स्वच्छ सामान असे. गावात आठवड्याला फिरते पथक येई. त्यात नर्स, समाजकार्यकर्ता आणि गरजेनुसार डॉक्टर असत. पथकातला डॉक्टर कार्यकर्तीच्या कामाला लोकांसमोर मान देई, आणि त्यामुळे गावही तिला मान देऊ लागे. कुष्ठरोग आणि क्षय झालेल्या माणसाला वस्तीबाहेर न काढता घरीच औषध देण्याचे काम या बायकांमुळे शक्य झाले.

रात्रीच्या मुक्कामात दुसरे शिक्षण होत होते. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला बसत आणि एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. सुरुवातीला काही जणींना ते जड गेले. पण पहाटे उठून एकमेकींची वेणी घालणाऱ्या बायका गावी जाऊन शिवाशिव पाळू शकल्या नाहीत. जामखेडच्या अभ्यासक्रमातला हा पाठ कुठल्याच विद्यापीठात शिकवला जात नव्हता.

त्यांना पगार नव्हता. बचत, शेळ्या, भाजीपाला, बांगड्यांचा धंदा अशा कामांसाठी छोटी कर्जे आणि शिक्षण मिळे. त्यातून घरात त्यांचा शब्द चालू लागला. १९७६ पर्यंत प्रकल्पाच्या गावांतला अर्भक मृत्यूदर हजारी ५२ वर आल्याची नोंद आहे. पाच वर्षांतली ही घट औषधांच्या साठ्याने झाली नव्हती. प्रत्येक गावात एक शिकलेली बाई आणि तिच्या पाठीशी एक मंडळ असल्यामुळे ती झाली.

महिला मंडळ आणि मुलींचे गट

आरोग्य कार्यकर्तीला गावात एकटीने काम करणे अवघड जाते हे लवकरच लक्षात आले. तिच्याभोवती महिला विकास मंडळे उभी राहिली. बचत आणि कर्ज हे या मंडळांचे पहिले काम. सावकाराकडे न जाता आपल्याच पेटीतून पैसे घेता येतात हे कळले की बायका न चुकता बैठकीला येऊ लागल्या. मग बोलणे पुढे सरकले: मुलीचे लग्न कितव्या वर्षी करायचे, दारूचा गुत्ता गावात राहू द्यायचा का, ग्रामसभेत बोलायला कोण उभे राहील. सत्तरच्या दशकात ज्या बायका पदर ओढून मागे बसत होत्या, त्यांतल्या काही पुढे ग्रामपंचायतीत निवडून गेल्या.

पुढे किशोरवयीन मुलींसाठी वेगळे गट सुरू झाले. पाळी, रक्तक्षय, आहार, बालविवाहाचे धोके आणि स्वतःच्या शरीराची माहिती हे त्यांचे विषय. आई महिला मंडळात आणि मुलगी किशोरी गटात गेली की घरातले बोलणेच बदलते, आणि हेच या गटांचे बळ ठरले.

दवाखान्याचे कामही बरोबरीने वाढत गेले. 'जयपूर पाय' हे कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा इथे सुरू झाली आणि तिने अपघातात पाय गमावलेल्या शेतकऱ्यांना चालते केले. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या आदिवासी भागातही प्रकल्पाने काम नेले. वेगवेगळ्या टप्प्यांत मिळून तीनशेहून अधिक गावांशी संस्थेचा संबंध आला.

गावच्या बायका शिक्षक झाल्या

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून चालणाऱ्या आरोग्यसेवेच्या निवडक उदाहरणांचे पुस्तक काढले. त्यात आरोळे दांपत्याने जामखेडवर लिहिले. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, अल्मा-आता इथल्या परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली आणि प्राथमिक आरोग्यसेवा हा तिचा पाया मानला गेला. १९७९ साली दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० साली रजनीकांत आरोळ्यांना पद्मभूषण मिळाले.

जगाचे लक्ष गेले तशी विद्यार्थ्यांची ये-जा वाढली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संस्थेने सामुदायिक आरोग्याच्या प्रशिक्षण आणि संशोधनासाठी स्वतंत्र प्रशिक्षण संस्था काढली. सरकारी अधिकारी, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि परदेशातल्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयांचे विद्यार्थी इथे येऊ लागले. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाने तर जामखेडमधील प्राथमिक आरोग्यसेवा हा पदव्युत्तर अभ्यासक्रमातला एक विषयच ठेवला. विद्यार्थी इथे राहून तो शिकत.

इथे वर्गाची मांडणी उलटी असते. खाली बसतात डॉक्टर, परिचारिका आणि विद्यापीठाचे विद्यार्थी. शिकवायला उभी राहते ती एके काळी अंगठा उठवणारी कार्यकर्ती. तीस-चाळीस वर्षांत किती बाळंतपणे केली, कुठे अडचण आली, कुठल्या घरी दार उघडले नाही आणि शेवटी कसे उघडले, हे ती सांगते. विद्यार्थी गावात फिरतात, महिला मंडळाच्या बैठकीला बसतात, मुलींच्या गटाशी बोलतात. विद्यापीठात शिकलेले आकडे इथे माणसांच्या तोंडून ऐकू येतात.

जामखेडचे काम उभे राहत होते त्या काळात महाराष्ट्रातल्या इतर तरुण डॉक्टरांनीही संघटना बांधल्या होत्या. १९७४ साली स्थापन झालेल्या मेडिको फ्रेंड सर्कलमध्ये वैद्यकीय विद्यार्थी आणि तरुण डॉक्टर गरिबांच्या आरोग्यावर वाद घालत होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही जॉन्स हॉपकिन्समध्येच शिकून आले आणि गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. एकाच विद्यालयातून बाहेर पडलेल्या दोन दांपत्यांनी महाराष्ट्राच्या दोन वेगळ्या भागांत गावातल्या बाईच्या हातात आरोग्यसेवा दिली, याची नोंद या इतिहासात व्हायलाच हवी.

१९८८ साली जामखेडच्या आरोग्य कार्यकर्ती मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या मोठ्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टर आणि कार्यकर्ती यांतला फरक सांगितला. झुंबर देखणे असते, पण महाग आणि एका जागी टांगलेले. पणती साधी असते, पण एका पणतीने दुसरी लावता येते. सभागृह उभे राहिले. २००८ साली नॅशनल जिओग्राफिक मासिकाने जामखेडच्या सरूबाई साळवे यांच्यासारख्या कार्यकर्तींच्या कामावर सविस्तर लेख छापला.

मोजणी आणि परंपरा

सद्भावनेने केलेले काम बरे वाटते, पण तेवढ्याने भागत नाही. त्याचा परिणाम मोजला तरच त्याची किंमत कळते. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये जामखेडच्या परिसरातील गावांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. नवजात काळ ओलांडलेल्या मुलांमध्ये मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत इतर गावांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. कार्यकर्तींनी वर्षानुवर्षे केलेल्या कामाला ही मोजणीची साक्ष आहे.

मेबल आरोळे यांचे सप्टेंबर १९९९ मध्ये निधन झाले. रजनीकांत आरोळे मे २०११ मध्ये गेले. तत्पूर्वी, १९९४ साली, दोघांनी जामखेडच्या कामावर लिहिलेले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले होते. त्यांची मुले डॉ. शोभा आणि रवी आरोळे यांनी संस्थेची धुरा पुढे वाहिली.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि देशभर 'आशा' कार्यकर्ती नेमल्या गेल्या. त्यांची संख्या आज दहा लाखांच्या आसपास आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गावच्या बाईवर गावचे आरोग्य सोपवावे हा जामखेडने आधीच आचरलेला विचार 'आशा' योजनेतून देशभर गेला.

पुढच्यांसाठी

आज आपल्याच जिल्ह्यात लोणीचे प्रवरा वैद्यकीय विद्यापीठ आहे, सार्वजनिक आरोग्य शिकणारे विद्यार्थी आहेत, त्यांच्या परिषदा आणि संघटना आहेत. जामखेडचा इतिहास त्यांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. आरोग्य कार्यकर्तीला प्रशिक्षण, औषधे आणि मानधन दिले की काम झाले असे समजू नये. तिला दर आठवड्याला एकत्र बसून शिकायला वर्ग हवा आणि तिच्या गावात तिच्या पाठीशी उभे राहणारे मंडळ हवे. तरुण शेतकरी मंडळ आणि महिला मंडळ नसते तर जामखेडचे काम इतकी वर्षे टिकले नसते. आजच्या 'आशा'ला मिळत नाही ते नेमके हेच. गावच्या आरोग्य समित्या कागदावर आहेत. त्या जिवंत व्हायला हव्यात.

म्हणून विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे. तुमच्या संघटनेने यंदा एक गाव निवडावे. शिबिर भरवून फोटो काढून परत येऊ नका. त्या गावच्या आशाताईबरोबर वर्षभर दर आठवड्याला एक दिवस बसा. तिच्या गावात कोण आजारी आहे, कोण दगावले आणि का, हे आधी तिच्या तोंडून ऐका. गावच्या महिला मंडळाच्या बैठकीत मागे बसून ऐका आणि विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका. जामखेडच्या पाठशाळेत प्रवेशासाठी पदवीची अट कधीच नव्हती. गावापुढे विद्यार्थी म्हणून बसण्याची तयारी तेवढी असावी लागते, आणि ती तयारी ज्यांच्याजवळ आहे त्यांच्यासाठी ही पाठशाळा आजही उघडी आहे.